सहावे अंडे

मराठीत 'अवसर' म्हणजे संधी, योग्य वेळ. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई. शब्द एकच, पण दोन्ही भाषा एकाच स्वयंपाकघरात नांदणाऱ्या आपल्या घरांत तो नव्या सुनेला हमखास चकवतो. आमच्या घरी सासूबाई, म्हणजे माझ्या अत्ती, दिवसातून दहा वेळा "अवसर माडब्याड" म्हणतात. दूध उतू जाताना म्हणतात, नातू परीक्षेला निघताना म्हणतात. या दोन अर्थांतले अंतर किती नाजूक आहे, हे मात्र मला गेल्या वर्षी माघ महिन्यात एका बदकाच्या पिल्लाने दाखवले.

माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने अंडी उबवण्याची पेटी केली. थर्माकोलचा खोका, एक बल्ब, तापमान राखणारे छोटे यंत्र, जुन्या संगणकातला पंखा आणि पाण्याची वाटी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे भातशेतीच्या कडेला बदके आहेत. त्यांनी आठ अंडी दिली. कोंबडीचे पिल्लू 21 दिवसांत बाहेर येते, बदकाला 28 दिवस लागतात. पेटीत 37.5 अंश सेल्सिअस तापमान सांभाळायचे, पहिले 25 दिवस दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, मग फिरवणे थांबवून हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर न्यायचा. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या आणि जुनी दुलई हाताशी ठेवायची.

अत्तींना या सगळ्याचे हसू येई. गोकाक तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवत. त्या उबेला त्या 'कावु' म्हणतात. "कोळीला कुणी थर्मामीटर दिलं होतं काय?" त्या विचारत. पुढे ती पिल्ले ओढ्यात उतरली की काठावर बिचारी कोंबडी कशी आकांत करी, याची नक्कल करून दाखवत.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरीचा उजेड अंड्यांमागे धरून पाहिले. दोन अंडी रिकामी होती. सहांमध्ये लाल शिरांचे जाळे पसरले होते आणि मध्ये एक ठिपका हलत होता. त्या दिवसापासून आमच्या घरात 'अंडी' हा शब्द बंद झाला, 'पिल्लं' सुरू झाला.

अठ्ठाविसाव्या दिवशी, शनिवारी पहाटे सहाव्या अंड्याला पहिला तडा गेला. खरे तर तेच सर्वांत आधी होते. मागून आलेल्या चार पिल्लांनी रात्रीपर्यंत कवच फोडले, पाचवे रविवारी सकाळी बाहेर पडले. सहाव्याचे भोक मात्र होते तेवढेच राहिले. आतून चोचीचे टोक दिसे, मधूनच क्षीण चिवचिव येई.

"आई, ते मरालंय गं. फोड ना जरा."

मुलाचा जीव तुटत होता. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक आईवडिलांनी ऐकावी अशी आहे. पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाला असलेल्या हवेच्या कप्प्यात चोच खुपसते आणि फुप्फुसांनी पहिला श्वास घेते. तोपर्यंत त्याला प्राणवायू पुरवतात त्या कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या. मग ते कवचाला भोक पाडते आणि थांबते. बदकाच्या बाबतीत हे थांबणे एक दिवस, कधी दीड-दोन दिवसही चालते. आपल्याला वाटते ते दमले. प्रत्यक्षात आत मोठे काम चालू असते. पापुद्र्यातले रक्त शरीरात परत येत असते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. तोच बलक पुढचे एक-दोन दिवस त्याची शिदोरी. अशा वेळी आपण कवच सोलले, तर रक्तवाहिन्या तुटून पिल्लू आपल्या हातातच जाते.

अत्तींना मी हे कन्नडमध्ये समजावले. त्या एवढेच म्हणाल्या, "मग मी काय वेगळं सांगत होते? अवसर माडब्याड."

पण रविवारी संध्याकाळी छत्तीस तास उलटले. डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले. भोकाभोवतीचा पापुद्रा पांढरा आणि ओलसर असायला हवा. माघातल्या कोरड्या हवेने तो पिवळट, कागदासारखा कडक झाला होता आणि पिल्लाच्या अंगाला आवळून बसला होता. त्याला मान वळवता येत नव्हती, मग कवच गोल कापणार कसे? "आता थांबलात तर ते आतच जाईल," डॉक्टर म्हणाले. "मदत करा, पण रक्त दिसले की हात काढा."

रात्री आठला मी बसले. उकळून कोमट केलेले पाणी, कापूस, बोथट चिमटा. आधी नुसता पापुद्रा भिजवला, चोचीच्या भोकात पाणी जाणार नाही असा बेताने. मग हवेच्या कप्प्यावरचे कवच नखाएवढे काढले. ओल्या पापुद्र्याखाली केसासारखी एक लाल रेघ दिसली. मी चिमटा ठेवला आणि अंडे पेटीत परत ठेवले.

"का थांबलीस?" मुलाचा आवाज चढला होता. "अर्धंच काढलंस!"

त्या रात्रीचा सगळ्यात कठीण भाग तो होता. मदत सुरू करून मध्येच थांबणे. शेजारी जपमाळ घेऊन बसलेल्या अत्तींनी नातवाला जवळ ओढले. "तडी," त्या म्हणाल्या. तडी म्हणजे थांब.

दोन वाजता पुन्हा पाहिले. लाल रेघ फिकी झाली होती. आणखी थोडा पापुद्रा भिजवला, कवचाचा आणखी एक तुकडा काढला. पाच वाजता शिरा दिसेनाशा झाल्या. वरची टोपी सैल करून दिली आणि हात मागे घेतला. पिल्लाला ओढून काढायचे नाही, शेवटचा जोर त्याचा त्यानेच लावायचा, हे डॉक्टरांनी बजावले होते. बेंबी पुरती मिटली आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. सहाला थोडा वेळ असताना दोन पाय टेकवून त्याने स्वतःला बाहेर लोटले. ओले, वाकडे, आणि पहिल्या पाचांपेक्षा लहान. मुलगा काही बोलला नाही, नुसता पेटीच्या काचेला नाक लावून बसून राहिला. सोमवारी माझा पहिलाच तास होता. तारवटलेल्या डोळ्यांनी मी शिकवायला गेले.

पालकांच्या मेळाव्यांत आणि निरोप समारंभांत कोशातल्या फुलपाखराची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. कुणीतरी दया येऊन कोश कापला आणि फुलपाखरू कायमचे लुळे राहिले, म्हणून मुलांना धडपडू द्या. गोष्ट चांगली आहे, पण अर्धी आहे. धडपड हे काही औषध नव्हे. पिल्लू थांबते ते आतले काम पुरे व्हायचे असते म्हणून, आणि त्या कामाला वेळ लागतो. काही पिल्ले मात्र काम पुरे होऊनही अडकलेली असतात. त्यांना कितीही धडपडू दिले तरी ती सुटत नाहीत. बाहेरून दोन्ही अंडी सारखीच दिसतात.

वर्गात मी हे दरवर्षी पाहते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले पदवीला येतात. आवारातल्या सूचना कन्नडमध्ये, बरीचशी पुस्तके इंग्रजीत. पहिले काही महिने ती गप्प असतात. बहुतेकांच्या आत तेव्हा भाषांची जुळणी चाललेली असते, दिवाळीनंतर ती आपोआप बोलू लागतात. त्यांना रोज उभे करून प्रश्न विचारणे म्हणजे कवच सोलणेच. पण एखादी मुलगी गप्प असते ती घरून परत बोलावणे आले आहे म्हणून. तिला 'धीर धर' म्हणून चालत नाही. यातली कोणती कोण, हे व्यासपीठावरून कळत नाही. त्यासाठी जवळ जाऊन बसावे लागते, आणि एकदा नव्हे, दर काही दिवसांनी पुन्हा पाहावे लागते.

तुमच्याही घरी कुणी अशी पेटी करणार असेल, तर दोन गोष्टी सांगते. पिल्लांच्या खाली वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. जुना टॉवेल घाला. आणि आईविना उबवलेल्या पिल्लांना कौतुकाने लगेच पाण्यात सोडू नका. त्यांची पिसे भिजतात आणि ती गारठतात.

सहाव्याचे पाय आठवडाभर लटपटत होते. दीड-दोन महिन्यांनी सहाही बदके खानापूरला परत गेली. दिवाळीला आम्ही गेलो, तेव्हा सगळी भाताच्या खाचरात चिखल चाळत होती. मुलगा बांधावर उभा राहून बराच वेळ आपले सहावे शोधत होता. कधी हे, कधी ते. अत्ती हसून म्हणाल्या, "एल्ला ओंदे." सगळी सारखीच.