श्रावणातली एकोणतीस पाने

रोज लिहिण्याचा संकल्प आणि उपवासाचा संकल्प यांत फारसे अंतर नाही. दोहोंतही पहिले तीन दिवस उत्साहाचे, पुढचे आठ-दहा सवयीचे आणि त्यानंतरचे निव्वळ हट्टाचे असतात. महागावात राहून एका श्रावणात आम्ही असा संकल्प केला. शुद्ध प्रतिपदेपासून पोळ्यापर्यंत रोज एक पान लिहायचे, आणि ते त्या दिवसाचेच असायचे; जुन्या आठवणी नकोत, वाचलेल्या पुस्तकांवरची टिपणे नकोत. चांद्रमासात तिथी तीस असल्या तरी दिवस साडेएकोणतीसच्या आसपास भरतात. एका तिथीचा क्षय झाला आणि आमची पाने एकोणतीस झाली.

महिनाभर रोज थोडे थोडे करीत एखादी मोठी गोष्ट पुरी करणे आपल्याला नवे नाही. श्रावणात देवळातून पोथी लागते. श्रीधरांच्या ‘हरिविजया’चे अध्याय छत्तीस, ‘रामविजया’चे चाळीस, ‘पांडवप्रतापा’चे चौसष्ट. महिन्यात बसवायचे तर वाचणाऱ्याला रोजचा हिशेब ठेवावा लागतो. आज एक, उद्या दोन, एकादशीला गर्दी म्हणून जरा सावकाश. अमेरिकेत १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या एकवीस जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहायची पैज लावली. तिचे पुढे मोठे जागतिक प्रस्थ झाले. तीस दिवस, पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला सुमारे सोळाशे सदुसष्ट. ती चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. पोथीचा हिशेब मात्र चालूच आहे. कदाचित तिथे जिंकणारा कोणी नसतो म्हणून असेल.

मराठीतली अशा नेमाची मोठी उदाहरणे तुरुंगातली आहेत, हा योगायोग नव्हे. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले. या दोन तारखांमधले रविवार मोजले तर बरोबर अठरा भरतात आणि गीतेचे अध्यायही अठराच. एकही रविवार रिकामा गेला नाही. ती प्रवचने उतरून घेणारे साने गुरुजी. त्यांनीच पुढल्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. गंमत अशी, की लिहिले पाच दिवसांत, पण पुस्तकाची रचना मात्र रात्रींची: रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आईची गोष्ट एका बैठकीत संपणारी नाही, ती रोज थोडी ऐकायची असते, हे गुरुजींना ठाऊक होते.

तुरुंगात दिवस एकसारखे असतात. लिहिणाऱ्याला ते आतून भरावे लागतात. गावात उलट अडचण होते. आमचे गाव तुळजापूर-नागपूर महामार्गावर. दिवसभर गाड्या जातात, थांबतात थोड्या. यवतमाळ जिल्ह्याचे नाव बाहेर छापून येते ते बहुधा दोन कारणांनी: शेतकऱ्यांच्या आत्महत्या, नाहीतर २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने गेलेले वीसहून अधिक बळी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या लिहिल्या गेल्या हे योग्यच झाले. परंतु बातमी दिवस निवडते. रोज लिहिणाऱ्याला ती मुभा नसते. त्याला आला दिवस घ्यावा लागतो. श्रावणात पऱ्हाटी पात्यांवर येते, सोयाबीनला फूल असते, डवरणीसाठी उघाड हवी असते आणि उघाड लांबली तर पुन्हा पाऊस हवा असतो. चौथ्या दिवशी आम्ही उघाडीबद्दल लिहिले, अकराव्या दिवशी पावसाच्या वाटेबद्दल. मधले सहा दिवस ‘काही घडले नाही’ हेच सहा तऱ्हांनी लिहावे लागले. त्या सहा पानांत निंदणाला जाणाऱ्या बाया आल्या, रोजाचा दर आला, कृषी केंद्राच्या पायरीवरची उधारीची बोलणी आली. काही न घडलेल्या दिवसांतच कास्तकाराचे वर्ष ठरते, हे आम्हांला त्या आठवड्यात दिसले.

सतराव्या दिवशी मात्र घडले. गल्लीतल्या एका घरी मृत्यू झाला. कसा, ते आम्ही इथे सांगणार नाही, त्या दिवशीही लिहिले नाही. संध्याकाळी कोरे पान समोर होते आणि नियम आमचाच होता: त्या दिवसाचेच लिहायचे. खरे सांगायचे तर ते पान सर्वांत सहज भरले असते. शब्द तयार होते. अशा प्रसंगाचे शब्द आपल्या भाषेत फार तयार असतात. पण त्या घरातल्या माउलीने आपले दुःख आमच्या नेमाला वाहिले नव्हते. रोजच्या पानाला रोज काही खायला लागते, आणि तेवढ्यासाठी शेजाऱ्याचे घर उघडायचे नसते. आम्ही एकच ओळ लिहिली: आज गल्लीतल्या चुली उशिरा पेटल्या. उरलेले पान तसेच ठेवले. नेम मोडला की राहिला, याचा निवाडा पोथी वाचणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी केला. ते म्हणाले, “अध्याय लहान असला तरी अध्यायच असते.”

महिना संपला तेव्हा जमेस काय होते? एकोणतीस पाने; त्यांतली चार-पाच पुन्हा वाचण्याजोगी. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमच्यापुरते उत्तर असे, की ती चार-पाच कुठली, हे आधी कळत नाही. उरलेली चोवीस लिहिल्याखेरीज ती हाती लागत नाहीत. शिवाय सतराव्या दिवसाचे पान आम्ही त्या चार-पाचांत धरतो.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या सुरू झाल्या. भाव, सरकार, सावकार, सोयरे, कोणालाही न सोडणाऱ्या त्या रचना कुणी वहीत धरून ठेवीत नाही. दरसाल कोणीतरी उभा राहतो आणि म्हणतो. आमचे शेवटचे पान त्या झडत्यांवर झाले. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडत होती, आणि सांगितल्यावाचून आम्ही वही उघडून बसलो होतो.