काठीशिवाय ‘थांब’



अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. यातला वध म्हणजे काठी-चाबकानं मारणं. चिंगीला घरी आणल्यावर मिळालेला पहिलाच सल्ला होता, ‘साखळीनं बांधा, एक वेळ उपाशी ठेवा, छडी दाखवा, आपोआप ऐकते.’ एका दमात पाचांतले तीन!

चिंगी रस्त्यावरची, सहा-सात महिन्यांची. केरसुणी उचलली की भिंतीला चिकटून थरथरायची. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. चातुर्मासात चौका लागणार. तोवर ती मागच्या उंबऱ्याबाहेर थांबायला शिकली नाही तर शेतावर सोडायची. आमचं शेत हायवेला लागून आहे. पुढचं सांगायला नको.

कुत्रा संज्ञी पंचेंद्रिय, म्हणजे मन असलेला जीव. शिकवण आणि उपदेश ग्रहण करता येणं हीच तर संज्ञी जीवाची खूण सांगितली आहे. मग घाबरवायचं कशाला?

पहिले दोन आठवडे मी तिला काहीच शिकवलं नाही. अंगणात तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचे. डोळ्यांत रोखून बघायचं नाही, डोक्यावरून हात न्यायचा नाही. ती जवळ आली तर हनुवटीखाली खाजवायचं. जेवण ठरल्या वेळी, संध्याकाळचं आपल्यासारखंच सूर्यास्ताआधी. हातातून खायला लागली, तेव्हा कुठे शब्द सुरू केले.

तेही आधी घरच्यांना शिकवावे लागले! मी ‘बस’ म्हणणार, मुलगा ‘सिट’, हे ‘खाली’. तिनं ऐकायचं कुणाचं? शेवटी तीनच शब्द ठरले: बस, थांब, ये. बसली की त्याच क्षणी हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा. उशीर झाला आणि तेवढ्यात ती उठली, तर उठल्याबद्दल मिळाला असं तिला वाटतं. पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी, बस्स. आणि ‘ये’ म्हणून जवळ बोलावून कधीही रागवायचं नाही.

(कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, ते आपल्याकडे नसतंच. पण द्राक्षं आणि बेदाणेही घातक आहेत. प्रभावनेची पाकिटं उंचावर ठेवा.)

उंबऱ्याशी ‘थांब’ म्हणून मी एक पाऊल मागे जायचे, परत येऊन खाऊ द्यायचे. मग दोन पावलं, मग दारापर्यंत, मग नजरेआड स्वयंपाकघरात. उठलीच तर ओरडायचं नाही, पुन्हा एका पावलापासून सुरुवात. रस्त्यावर मात्र मी पट्टा लावते. जीव वाचवायला सैल धरलेला पट्टा आणि दिवसभराची साखळी एक नव्हे, असं माझं मत.

चौक्याच्या दिवशी पडगाहनाचा ‘नमोऽस्तु, नमोऽस्तु’ असा गजर झाला आणि चिंगी ताडकन उठली. माझ्या हातात कलश. मागून सासूबाईंचा हळू आवाज आला, ‘चिंगे, थांब.’ ती बसली. आहार निरंतराय झाला. दुपारी सासूबाईंनी फ्रीज उघडून विचारलं, ‘तिचं पनीर कुठं ठेवलंयस गं?’

केरसुणीची भीती अजून आहे. सध्या तिच्या ताटलीपासून चार हातांवर केरसुणी नुसती आडवी ठेवते. काल तिनं जाऊन हुंगली.