आईच्या कानातली शिट्टी आणि माझा लेख

तुमच्या घरी कुणाच्या कानात सतत आवाज येतो का? बाहेर सगळं शांत, पण कानात मात्र कुकरची शिट्टी लांबत राहावी तसा? माझ्या आईला हा त्रास मागच्या थंडीत सुरू झाला.

आम्ही वाराणसीत ब्रह्मा घाटाजवळ राहतो. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट म्हणजे इथल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. गल्ली लहान, त्यामुळे आईच्या कानाची बातमी दोन दिवसांत सगळीकडे पोहोचली आणि सल्ले सुरू झाले. एक काकू म्हणाल्या, "चहा सोडा." दुसऱ्या म्हणाल्या, "मीठ बंद करा." कुणी दही बंद करायला सांगितलं, कुणी लोणचं, कुणी थंडीतलं मलइयो.

आईने सगळ्यांचं ऐकलं. चहा तर एका सकाळी एकदम बंद केला. तीन दिवस डोकं ठणकत होतं, झोप नव्हती आणि आवाज आणखी मोठा वाटत होता. महिन्याभरात ताटात वरणभात आणि अळणी भाजी एवढंच उरलं. आई वाळली, गप्प झाली. शिट्टी तशीच राहिली.

मी रागावले तेव्हा तिने फोन पुढे केला. "अगं, तूच तर लिहिलंयस." कानातल्या आवाजासाठी टाळायच्या 7 पदार्थांवरचा माझाच लेख होता तो. एका दुपारी, इकडचं तिकडचं वाचून लिहिलेला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. ऑडिओमेट्री झाली. आईला उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते. डॉक्टरांनी समजावलं की कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू स्वतःच ती जागा भरायला बघतो. हाच टिनिटस. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेतल्या कानाच्या 28 रोगांत तो आहे, आणि सुश्रुतांचे गुरू दिवोदास हे काशीचेच राजे, असं परंपरा सांगते.

मग खाण्याचं काय? कुठल्याही एका पदार्थाने हा आवाज बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. मेनियर्स या आजारात मात्र चक्कर येते, कान भरल्यासारखा वाटतो, आणि तिथे मीठ कमी करायला सांगतात. तसंही जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चमचा. कॅफिनबद्दल तर 2014 मध्ये अमेरिकेतल्या 65 हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात उलटंच दिसलं. जास्त कॅफिन घेणाऱ्यांत टिनिटस कमी आढळला. म्हणून कॉफी औषध ठरत नाही, पण चहाला गुन्हेगार ठरवायचंही कारण नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिनच्या गोळ्या यासाठी देऊ नयेत, असं तिथल्या कानतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता आई एका वहीत काय खाल्लं, झोप किती झाली आणि आवाज किती होता, हे लिहिते. तिच्या बाबतीत जागरण झालं की आवाज वाढतो. चहाने काही फरक पडत नाही. म्हणून सकाळ-दुपारचा चहा परत आला. कानाला यंत्र लागलंय, रात्री पंखा हळू चालू असतो. शिट्टी आहे, पण आई म्हणते, "आता ती मागच्या खोलीत गेलीय."

तुम्हीही ताटातून काही काढण्याआधी कान तपासून घ्या. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा असेल किंवा चक्कर येत असेल, तर थांबू नका. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सुरू असलेल्या औषधांची यादीही दाखवा, कारण जास्त मात्रेतल्या ॲस्पिरिननेही कानात आवाज येतो.

तो जुना लेख मी काढून टाकायला लावला. आणि या थंडीत आम्ही दोघी कुल्हडभर मलइयो खाऊन आलो.