विंगेंतला कंदील

पूर्वीं शाप देणें हें मोठें कष्टाचें काम होतें. वर्षानुवर्षें तप करावें, जटा वाढवाव्या, क्रोध सांठवून ठेवावा, आणि एखाद्या बेसावध मुलीचें दारांतल्या अतिथीकडे लक्ष गेलें नाहीं कीं तो सारा तिच्या माथीं मारावा, असा त्या धंद्याचा रिवाज असे. अलीकडे मात्र हा अधिकार नाटकांना आणि चित्रपटांनाहि प्राप्त झाला आहे. नाटकांत चेटकिणी असल्या, चित्रपटांत पिशाच्च असलें, कीं त्याच्या वाऱ्याला उभें राहणाराचें बरें होत नाहीं, असें भलीं भलीं शिकलेलीं माणसें सांगूं लागतात. मी हंसतों, पण माझें तें हंसणें पुरतें खरें नाहीं. एके काळीं अशाच एका शापाचे माझ्यावर फार उपकार झाले आहेत.

गोष्ट माझ्या कॉलेजच्या दिवसांतली. स्नेहसंमेलनांत 'मॅक्बेथ'मधले कांहीं प्रवेश मराठींतून करावयाचें ठरलें होतें. मराठीला हें नाटक परकें नाहीं, वि. वा. शिरवाडकरांनीं १९५४ सालीं त्याचा 'राजमुकुट' केला आहे. मेजवानीच्या प्रवेशांत खून झालेल्या बँकोचें भूत येऊन राजाच्या आसनावर बसतें. त्या भुताचें काम माझ्या एका मित्राकडे होतें, आणि माझ्याकडे होतीं पडद्यामागचीं किरकोळ कामें: नट अडखळल्यास शब्द पुरविणें, तलवारी मोजून ठेवणें, आणि विंगेंतून मागें उतरणाऱ्या पायऱ्यांपाशीं एक कंदील टांगणें.

भूत आलें, बसलें, प्रेक्षकांच्या अंगावर कांटा उभा राहिला. दिवे मंद झाले. भूत विंगेंत शिरलें, आणि दुसऱ्याच क्षणीं कांहीं तरी जड वस्तु गडगडत गेल्याचा आवाज आला. माझा मित्र त्या पायऱ्यांच्या तळाशीं पडला होता. त्याचा उजवा पाय मोडला. प्रयोग तेथेंच थांबला.

दुसऱ्या दिवशीं सर्वत्र एकच चर्चा. आमच्यांतले एक बहुश्रुत गृहस्थ म्हणाले, "अहो, विलायतेंत नटमंडळी थिएटरांत या नाटकाचें नांवसुद्धां घेत नाहींत. 'स्कॉटलंडचें नाटक' म्हणतात. चुकून कोणी नांव घेतलेंच, तर त्यानें बाहेर जावें, स्वतःभोंवतीं तीन गिरक्या घ्याव्या, थुंकावें, आणि दार ठोठावून आंत येण्याची परवानगी मागावी!" सर्वांनीं माना डोलावल्या. सर्वांत जोरानें मीं डोलावली. कारण कंदील टांगावयाचा मी विसरलों होतों, आणि तें फक्त मलाच ठाऊक होतें.

पुढें वाचनाच्या नादानें त्या शापाची वंशावळ मीं शोधून पाहिली. मूळ कथा अशी कीं, १६०६ सालीं पहिल्याच प्रयोगाच्या वेळीं लेडी मॅक्बेथ होणारा मुलगा वारला. ही कथा मॅक्स बीरबोम या विनोदी लेखकानें १८९८ सालीं लिहिली, आणि तिला सतराव्या शतकांतल्या एका चरित्रकाराचा खोटा आधार दिला. म्हणजे ज्या शापाला चारशें वर्षांचें वय सांगतात, त्याची ही जन्मकथा एका थट्टेखोराच्या दौतींतून निघालेली!

त्या नाटकाच्या नांवावर जमा धरलेले मृत्यू मात्र खरे आहेत. १८४९ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कला अ‍ॅस्टर प्लेस नाट्यगृहांत मॅक्रेडी हा इंग्रज नट मॅक्बेथ करीत असतां बाहेर दंगल उसळली, शिपायांनीं गोळीबार केला आणि वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पण त्या दंगलीच्या मुळाशीं मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांचें वैर होतें. इंग्रजांविषयींचा आणि श्रीमंतांविषयींचा राग होता. १९३७ सालीं लंडनच्या ओल्ड व्हिकमध्यें लॉरेन्स ऑलिव्हिएचा मॅक्बेथ लागण्याच्या ऐन वेळीं तेथील संचालिका लिलियन बेलिस हृदयविकारानें वारल्या. त्या ६३ वर्षांच्या होत्या. शिवाय हें नाटक पुन्हां पुन्हां होतें, त्यांत अंधार पुष्कळ आणि तलवारीहि पुष्कळ. अशा ठिकाणीं कोणाला कांहींच इजा झाली नाहीं, तर तोच चमत्कार म्हणावा लागेल.

या जमाखर्चांत एक मोठी मौज आहे. अब्राहम लिंकन यानें मृत्यूपूर्वीं थोडे दिवस आगबोटीवर सोबत्यांना 'मॅक्बेथ'मधले उतारे वाचून दाखविले होते, म्हणून त्याचाहि मृत्यु कित्येक जण याच खात्यावर टाकतात. पण १४ एप्रिल १८६५ रोजीं त्याला गोळी लागली ती 'अवर अमेरिकन कझिन' हें प्रहसन पाहतांना, प्रेक्षक खदखदां हंसत असतांना! त्या बिचाऱ्या प्रहसनाला कोणी शापित म्हणत नाहीं. आपल्याकडेहि तसेंच. सबंध कथा दुर्वासाच्या शापावर उभी असलेलें 'शाकुंतल' अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं संगीतांत आणलें, आणि त्यानें मराठी रंगभूमीचें भाग्यच उघडलें. त्याला शापित ठरवावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण त्याची भीति वाटत नाहीं. अपघात कोठेंहि होतो. शाप मात्र भीतीचेंच घर शोधून राहतो.

एवढ्यावर थांबलें असतें तर ही करमणूकच झाली असती. पण ३० डिसेंबर १९०३ ची हकीगत वाचली आणि माझें हंसें मावळलें. शिकागोच्या नव्याकोऱ्या इरोक्वा नाट्यगृहांत नाताळच्या सुटींतला दुपारचा खेळ होता. गाण्यांचा, हंसण्याखेळण्याचा, बायकामुलांनीं घर भरलेलें. दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आगीला अडविणारा पडदा खालीं येतां येतां मध्येंच अडकला. कित्येक दरवाजे बंद होते, कित्येक शोभेच्या पडद्यांआड दडलेले. सहाशेंहून अधिक जीव गेले. खेळ आनंदाचा होता, म्हणून शापाचें नांव घेण्याची सोय नव्हती. तेव्हां लोकांनीं कुलपांविषयीं विचारलें. दरवाजे बाहेर उघडावे, बाहेर जाण्याची वाट ठळक दिसावी, असे नियम कडक झाले. तोच खेळ चेटकिणींचा असता, तर? कुलपें कदाचित् तशींच राहिलीं असतीं.

चित्रपटांच्या शापांचा प्रकार याहून वेगळा नाहीं. 'द एक्सॉर्सिस्ट'चें चित्रण चालू असतां देखाव्याला आग लागली होती, आणि १९७३ अखेर तो पडद्यावर येण्यापूर्वींच त्यांतला एक नट वारला होता. तेवढ्यावर केवढी पुराणें झालीं! १९८२ च्या 'पोल्टरगाइस्ट'मध्यें थोरल्या बहिणीचें काम करणारी तरुण नटी त्याच वर्षीं गेली, आणि धाकटीचें काम करणारी मुलगी १९८८ सालीं, बाराव्या वर्षीं. धाकटी आंतड्याच्या विकारानें गेली. थोरलीचा गळा तिच्या पूर्वीच्या प्रियकरानें आंवळला होता. 'शाप' हा शब्द उच्चारला कीं त्या कथेंतून तो माणूस हळूच नाहींसा होतो. असाच एकदां मीहि नाहींसा झालों होतों.

रंगभूमीच्या साऱ्याच समजुती मात्र मला टाकाऊ वाटत नाहींत. पाश्चात्त्य नाट्यगृहांत खेळ संपल्यावर रिकाम्या रंगमंचावर रात्रभर एक दिवा जळत ठेवतात. तो भुतांसाठीं आहे असें म्हणतात. पण त्याच्यामुळें अंधारांत येणारा माणूस वादकांच्या खड्ड्यांत पडत नाहीं. अशी समजूत शंभर वर्षें चालो! तिनें काळजीला देवाधर्माचें वस्त्र नेसविलें आहे. शाप याच्या उलट करतो. तो निष्काळजीपणाला तें वस्त्र नेसवितो.

त्या रात्रीनंतर मी पुन्हां रंगमंचाकडे फिरकलों नाहीं. माझ्या मित्रानें मात्र पुढें कितीतरी वर्षें हौशी मंडळींत कामें केलीं, थोडासा लंगडत, आणि झकास केलीं. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या घरीं चहा घेतां घेतां मीं अखेर सांगून टाकलें, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या रात्रीं कंदील मीं टांगला नव्हता."

त्यानें बशी खालीं ठेवली. "ठाऊक आहे रे मला," तो म्हणाला. "वर उचलून नेत होते, तेव्हां खुंटी मोकळी दिसली."

"मग बोलला कां नाहींस?"

"तूं शापाच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगत होतास, मोडवेना. पण खुंटी दिसली तें बरं झालं. पुढच्या वर्षीं आधीं स्वतः जाऊन कंदील लावला, आणि मग तोंडाला रंग लावला. शापच आहे असं वाटलं असतं, तर पुन्हां उभा राहिलों असतों का मी?"

मीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. निघतांना जिन्यांत अंधार होता. तो आपला मोडका पाय सांवरीत माझ्यापुढें झाला, आणि त्यानें दिव्याचें बटण दाबलें.