रूळ न पोचलेलं बंदर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला रेल्वे कधी आली नाही. तरी भाचीने कोकण रेल्वेच्या खुणा शोधत चालायचा जो फेरा आखला, त्याचा शेवटचा टप्पा मी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ठेवायला लावला. 2000च्या मे महिन्यात अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. भाचीचा फेरा ज्या जिओकॅशिंगचा आहे, ते सुरू झालं तिथून. मोबाईलच्या आधाराने डबी हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबी जागच्या जागी ठेवायची. इंग्लंडात गावोगावच्या स्टेशनांजवळ अशा डब्यांची मालिकाच आहे.

रुळांवर पाय ठेवायचा नाही, ही भाचीची पहिली अट. कुवारबावचं स्टेशन झालं, 64 मीटर उंचीचा पानवलचा पूल खालून पाहिला, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याबद्दल तिने सांगितलं. वालावलकर, नाथ पै, दंडवते, श्रीधरन ही या रेल्वेसाठी झटलेल्यांची नावं तिला पाठ आहेत. असायलाच हवीत. पण 26 जानेवारी 1998ला रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, गावोगाव पेढे वाटले गेले, तेव्हा आगबोटीची आठवण कुणी काढली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लहानपणी मे महिन्यात आम्ही मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघायचो. रत्नागिरीला आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन तिला लागायचा. त्यातल्या एका पडावाचे तांडेल मिरकरवाड्याचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पडाव लाटेबरोबर वर यायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा खाली जायचा. त्या थांबलेल्या क्षणातच ते मला शिडीवरून उचलून घ्यायचे. अंगरख्याला सुकटीचा वास, तळव्यांना दोराचे घट्टे. "घट धर गो, खाली बघू नको." मग आईची ट्रंक, मग आई. पोरांचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आईने दिलेली नानकटाई मात्र रुमालात बांधून घरी न्यायचे.

ऐंशीच्या दशकात प्रवासी बोटी बंद पडल्या. पुढे चाचा धक्क्याजवळच्या एका झापाखाली जाळी विणत बसायचे. रेल्वे सुरू झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "गाडीला भरती-ओहोटी लागत नाय ना?" नाही लागत, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तुटलेला फास पुन्हा ओवायला घेतला.

2025च्या जानेवारीत बंदरावरची अतिक्रमणं पाडली. बंदराला मोकळी जागा लागते, हे मला कळतं. पण त्या पाडकामात चाचांचा तो झापही गेला. कोणाच्या नकाशावर तो कधी नव्हताच, त्यामुळे तो होता कुठे, हे सांगायला आता आमच्यासारख्यांची आठवणच उरली. लाटरोधक भिंतीचा कोपरा आणि रत्नदुर्गाचा दीपस्तंभ यांच्या अंदाजाने मी जागा दाखवली, भाचीने अक्षांश-रेखांश टिपले.

डबी मासळीच्या पाट्या लागतात तिथे ठेवून चालणार नव्हती, म्हणून वरच्या ओळीतल्या एका ओळखीच्या घराच्या गडग्यात बसवली, घरच्यांना विचारून. वहीच्या पहिल्या पानावर भाचीने चाचांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "हे रेल्वेत होते?" मी तिला बंदरं सांगितली: जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. पुढचा टप्पा मुसाकाजीला ठेवायचा, असं आता आमचं ठरलंय.