उनकेश्वरचे ऊन पाणी

मराठवाडा म्हणजे उघडे माळ, आटलेल्या विहिरी आणि टँकरमागे धावणाऱ्या घागरी, हे चित्र आपल्याला इतके पाठ झाले आहे, की नांदेड जिल्ह्यातच बारा महिने जमिनीतून ऊन पाणी उमाळते, हे आमच्या वर्गात कुणाला खरे वाटेना.

हे ठिकाण किनवट तालुक्यातले उनकेश्वर. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड मागे टाकीत किनवटला येते. पुढे सागाच्या रानातून पैनगंगेकाठी जायचे. १९५६ पूर्वी हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात होता. किनवटच्या बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, गोरमाटी अजून कानी पडते. देवस्थान जुने, यादवकालीन मराठी शिलालेख येथे आहे. ‘ऊन’ म्हणजे उष्ण. कोकणातली उन्हेरे, उन्हवरे आणि जळगावकडचे उनपदेव ही सारी याच शब्दाची भावंडे. शरभंग ऋषींचा चर्मरोग जावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा आहे. उनपदेवलाही तीच सांगतात. भूगोल म्हणतो, पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि गंधकाचा वास घेऊन वर येते. मला दोन्ही आवडतात. (कुंडात साबण लावू नये, एवढे भान भाविकांना राहिले तर देवावर उपकार होतील.)

गेल्या मे महिन्यात मी आत्याला घेऊन गेले. आत्याच्या हातांवर आणि मानेवर कोड आहे. ऐन उन्हाळ्यातही तिचे पोलके मनगटापर्यंत असते. तिचे ठरलेले लग्न दोनदा मोडले, मग कुणी विषयच काढला नाही. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तो स्पर्शाने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. आमच्या घरात हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही पाहुण्यांसमोर ती स्वयंपाकघरातच असते.

बायकांच्या बाजूला गर्दी होती. आत्या काठावर पदर घट्ट धरून उभी राहिली. आतून एक म्हातारी म्हणाली, “ये की बाई, लई जागा हाय.” तिच्याही पायांवर पांढरे डाग होते. आत्याने बाह्या वर सारल्या आणि उतरली. मी तिचे दंड प्रथमच पाहिले.

बराच वेळ ती गळ्यापर्यंत पाण्यात बसून होती. मग म्हणाली, “यानं जात नसतं, माहीत हाय मला.” थोड्या वेळाने, “आज ताईला बघायला पाव्हणे येणार हायत ना?”

मी काही बोलले नाही. “आत्याला जरा देवदर्शन घडव” म्हणून आईने तोच दिवस ठरवला होता.

निघताना तिने बाटलीभर पाणी घेतले.

“कुणासाठी गं?”

“ताईचं जमलं तर हळदीच्या पाण्यात घाल. मी आले असं समज.”

बाटली आमच्या फडताळात आहे. पाहुण्यांचा निरोप अद्याप आलेला नाही.