मामाचं क्रोम

म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या जावा मोटरसायकलवर क्रोम असायचं ते टाकीच्या दोन्ही अंगांना, रिमांवर, हँडलवर आणि दोन सायलेन्सरवर. बाकी गाडी मरून. माझ्या मामाला तेवढं पुरलं नाही. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होता, ऑइल इंजिनचे सुटे भाग करायचा. बफिंगवाले, प्लेटिंगवाले सगळे हाकेच्या अंतरावर. हातात थोडे पैसे खुळखुळले की गाडीचा एक भाग उतरायचा. आधी पुढचं मडगार्ड गेलं, मग मागचं, मग दोन्ही टूलबॉक्स, मग साखळीचा बंद डबा. आठवडाभर गाडी त्या भागावाचून फिरायची आणि एके संध्याकाळी तो भाग लखलखत परत यायचा. हँडलही त्याने नळी वाकवून स्वतः केलेलं, मूळच्यापेक्षा उंच. सत्तरच्या दशकात त्याला कोणी ‘कस्टम’ म्हणत नसे. ‘शिंद्यांची पांढरी जावा’ म्हणत. टाकीची पाठ आणि चासी तेवढी मरून राहिली होती, तरी पांढरीच.

मी त्या टाकीवर बसून वाढले. रंकाळा तलावाच्या कडेने जाताना मी खाली वाकून टाकीच्या फुगीर अंगात बघायची. त्यात पाणी, झाडं, उसाच्या गाड्या, माझे दोन आडवे पसरलेले गाल, सगळं वाकून मागे धावायचं. मामा म्हणायचा, समोर बघ. समोर सगळ्यांनाच दिसतं, असं मला वाटायचं.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. ती इथे आणणारे मुंबईचे इराणी. रुस्तम इराणी आधी या गाड्या आयात करायचे, मग त्यांनी म्हैसूरला आयडियल जावा काढली आणि 1961 पासून गाडी इथेच बनू लागली. 1973 च्या सुमारास टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं. दोन-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आणि एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. या गाडीची मला सर्वांत आवडणारी युक्ती म्हणजे किक. तीच दांडी उभी केली की किक, पुढे झुकवली की गियर. इतकी शहाणी दांडी मी दुसऱ्या कुठल्या गाडीला पाहिली नाही. कॉलेजात असताना मामाने मला गाडी शिकवली ती या दांडीपासून. गाडी चालवणारी मुलगी तेव्हा आमच्या गल्लीत नवी होती. मामाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, नुसता रिकाम्या मैदानात उभा राहून ओरडत राहिला, “क्लच सोडू नको एकदम!”

मग शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्या आल्या. लिटरमागे किती पळते, एवढंच लोक विचारू लागले. 1996 साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला, सुटे भाग मिळेनासे झाले. मामाची गाडी कागलच्या घराच्या पडवीत गेली आणि तिच्या शेजारी खताची पोती रचली गेली. क्रोमला याहून वाईट शेजार नाही. रासायनिक खतातला क्षार दमट हवेत सुटतो आणि धातूला खात सुटतो. मी गाडी बाहेर ओढली तेव्हा मडगार्डांवर तांबड्या पुटकुळ्या उठल्या होत्या.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात. त्यांच्यातले जाणते लोक मला मनापासून एकच सांगत होते: मडगार्ड रंगव, हँडल मूळचं लाव, गाडी कारखान्यातून निघाली तशी कर. त्यांच्यामुळेच या गाड्या आज रस्त्यावर आहेत, त्यांचा शब्द मी हलका मानत नाही. पण कारखान्यातून निघालेली गाडी मी कधी पाहिलीच नव्हती. मामाने ती सेकंडहँड घेतली होती. अस्सल काय, हे ठरवायला गाडीच्या आयुष्यातला पहिलाच दिवस का धरायचा? एका टर्नरने पगारातून वाचवून पुढची कित्येक वर्षं तिच्यावर जे चढवलं, तेही गाडीच्याच नशिबातलं. मी मामाची गाडी पुन्हा उभी करायचं ठरवलं. म्हणजे पुन्हा सगळं क्रोम.

क्रोमबद्दल मला जे ठाऊक होतं ते प्लेटिंगच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी गळून पडलं. लोखंडावर चमकतो तो क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. त्याला बारीक भेगाही असतात. गंज अडवण्याचं आणि आरशासारखा गुळगुळीतपणा देण्याचं खरं काम त्याखालचं निकल करतं, ते वीस-तीस मायक्रॉन. निकलच्या खाली तांबं. आणि या सगळ्याच्या आधी बफिंग. जुना थर आम्लात उतरवला की मडगार्डाचा उघडा पत्रा दिसतो, राखाडी आणि खड्ड्याखड्ड्यांचा. खड्डे तांब्याने भरायचे, घासायचे, पुन्हा भरायचे. एमरीचं चाक, मग दोराचं, मग कापडाचं. बफिंगवाला भाग चाकावर धरतो तो सगळ्या खांद्याचा जोर लावून, आणि बोटाने पत्र्याची जाडी चाचपत. जुना पत्रा जास्त घासला तर कडेला भोक पडतं. हिरव्या हौदातून निकल चढून भाग बाहेर येतो तेव्हा त्याला उबदार पिवळसर झाक असते. क्रोमच्या हौदात तो काही मिनिटंच बुडतो आणि निळसर थंड होऊन निघतो.

तो हौद तपकिरी-तांबडा, क्रोमिक आम्लाचा. वीज सोडली की त्यातून बुडबुडे उठतात, कारण बहुतेक वीज क्रोम चढवण्यात जातच नाही, हायड्रोजन काढण्यात जाते. बुडबुडे फुटून जी वाफ उडते तिच्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं. ते कर्करोग करतं. वर्षानुवर्षं ती वाफ घेणाऱ्याच्या नाकातला पडदा झिजून त्याला भोक पडतं. मामाच्या काळी या हौदांशी उघड्या तोंडाने माणसं उभी असायची. लहानपणी मी ज्या टाकीत उसाच्या गाड्या बघत होते, तिची किंमत कोणीतरी आपल्या नाकाने मोजत होतं, आणि आम्हा कोणालाच त्याचा विचार शिवला नव्हता.

म्हणून प्लेटिंगवाला निवडताना मी दर विचारला नाही, हौदावर धूर ओढणारा पंखा आहे का आणि धुण्याचं पाणी कुठे जातं ते विचारलं. पंचगंगा नदीच्या काठच्या माणसाने तरी हे विचारायलाच हवं. पिवळंजर्द पाणी आधी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की ते हिरवट होतं, म्हणजे घातक क्रोमियमचं तीन-संयुजी, कमी घातक क्रोमियम झालेलं असतं. मग चुना घालून ते गाळात बसवायचं. ज्याने मला हे स्वतःहून दाखवलं त्याला मी काम दिलं. त्याचा दर चढा होता, तो असायलाच हवा.

सगळे भाग आले. राहिली फक्त किक. तिच्यावरचं क्रोम मामाच्या चपलेने झिजलं होतं. मधोमध निकलचा पिवळा डाग, त्याच्या पोटात तांब्याचा ठिपका, आणि टोकाला नुसतं लोखंड. एका पायाने इतक्या वर्षांत थरामागून थर उतरवलेले. हा एक भाग तसाच ठेवायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

मामा आता ऐंशीच्या घरात आहे. कागलहून आला, काठी टेकत गाडीभोवती फिरला. मडगार्डात तोंड बघितलं, हँडलवर हात फिरवला. मग खाली वाकला.

“ही का न्हाई केलीस?”

मी सांगितलं, ही झीज तुमच्या पायाची आहे मामा, ती मला हवी आहे.

“लोकास्नी झिजलेली किक दाखवतीस व्हय? पाय माझा हाय न्हवं अजून? परत झिजवीन.”

मी वाद घातला नाही. आठवणीची माया माझी होती, लखलखाटाची हौस त्याची, आणि गाडी त्याची. दुसऱ्या दिवशी किक प्लेटिंगला दिली. आम्लात आणि हौदात पोलादामध्ये हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. ज्या दांडीवर माणसाचं सगळं वजन पडतं तिच्या बाबतीत हा धोका पत्करून चालत नाही. म्हणून भागाला तारेने चिठ्ठी बांधली: क्रोमनंतर लगेच भट्टीत, दोनशे अंशांच्या आसपास, काही तास. म्हातारा माणूस किक मारणार आहे.